काचेच्या फळ्यावरचं अक्षर

"अहो मॅडम! अहो, हे काय करताय!"

अरुंधतीच्या हातातला खडू खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. शाळा भरायला अवकाश होता आणि दहावी ब च्या खिडक्या अजून उघडायच्या होत्या. अरुंधती लिमये नेहमीसारखी आत आली, पर्स टेबलावर ठेवली, डबीतला खडू काढला आणि अर्धवट अंधारातच फळ्यावर सुविचार लिहायला लागली. 'शिकायला वय नसतं.' आज खडू असा करकरतोय का, हे मनात येतंय न येतंय तोच टेबलाखालून हा आवाज आला. टेबलाखालून! मागोमाग कुरळ्या केसांचं एक डोकं वर आलं. कपाळाला धूळ, हातात वायरचं भेंडोळं.

"हा फळा नाहीये, मॅडम."

"फळा नाही? मग काय आहे?"

त्याने भिंतीशी हात नेऊन दोन-तीनदा काहीतरी चाचपलं. टुंग असा आवाज झाला आणि अख्खी भिंत उजळली. अरुंधती मागच्या मागे मटकन पहिल्या बाकावर बसली. तिचा हिरवा फळा, ज्याचा डावा कोपरा तिने वर्षानुवर्षं तारखेसाठी राखून ठेवला होता, तो जागेवर नव्हताच. तिथे भलामोठा काचेचा टीव्ही होता, आणि त्यावर तिचा सुविचार पिठासारखा चिकटून बसला होता.

"आता बघत काय उभे राहिलात?" भीती लपवायला माणूस ओरडतो, तशी ती ओरडली. "कंपनीचे ना तुम्ही? मुलं यायच्या आत पुसा ते!"

त्याने खिशातून रुमाल काढला. 'नसतं' पुसलं. 'वय' पुसलं. 'शिकायला'पाशी येऊन थांबला.

"पुसवत नाही हो... काय अक्षर आहे!"

"पुसा म्हटलं ना!"

त्याने पुसलं. पण पुसताना तो हसत होता, आणि हसताना त्याच्या एका गालाला खळी पडत होती. हे अरुंधतीने बघितलं, आणि आपण बघितलं याचा तिला आणखीच राग आला.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका दमयंतीबाईंनी, सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांच्या शेजारी तोच माणूस उभा. हातातला रुमाल अजून खडूने पांढरा.

"हे गुरुदत्त घरत सर. आपटा गावच्या शाळेत गणित शिकवतात. नव्या डिजिटल फळ्यांसाठी यांना मार्गदर्शक नेमलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर येतील."

अरुंधतीने उचललेला घास तसाच डब्यात ठेवला. आपण यांना रुमालाने फळा पुसायला लावला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण खरा धक्का पुढेच होता.

"आणि फेब्रुवारीत तालुक्यातले माध्यमिक शिक्षक आपल्याकडे येणार आहेत, या फळ्यावरचा आदर्श पाठ बघायला. तो पाठ आपल्या अरुंधती मॅडम घेतील. ऑनलाइन प्रशिक्षणात शाळेतून पैकीच्या पैकी गुण त्यांनाच आहेत ना!"

टाळ्या पडल्या. अरुंधतीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या प्रशिक्षणाची गोष्ट अशी. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, शेवटी प्रश्न सोडवायचे, की प्रमाणपत्र हातात. पण पेपर तपासायचे, मतदारयाद्या करायच्या, वरून आलेल्या माहितीच्या लिंक भरायच्या, त्यात व्हिडिओ बघणार कोण? मग स्टाफरूमची एकच पद्धत. मोबाईल जेवणाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, आवाज बंद करायचा, व्हिडिओ आपला चालू आणि आपण आपले पेपर तपासतोय. प्रश्न घरातलं कोणीतरी सोडवतं. अरुंधतीचे तिच्या धाकट्या बहिणीने, समीक्षाने सोडवले होते, तेही मॅगी खाता खाता. ती मेली हुशार. पैकीच्या पैकी घेऊन बसली.

बरं, अरुंधतीला यंत्रांची नुसती भीती नव्हती, तिने मार खाल्लेला होता. लॉकडाऊनमध्ये तिने एक अख्खा तास माईक बंद ठेवून कविता शिकवली होती. हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून! मुलांनी सांगितलं तर नाहीच, उलट तिची फिल्म काढली, तिला बँजोची धून जोडली आणि ती पनवेलभर फिरली. बाजारातल्या भाजीवालीनेसुद्धा "बाई, ह्या तुमीच ना?" म्हणून तिलाच दाखवली होती. तेव्हापासून माईकचं चित्र दिसलं तरी ती मोबाईल उपडा ठेवायची.

आणि आता अख्ख्या तालुक्यासमोर पाठ. तो फसला तर प्रमाणपत्राचं बिंग फुटणार. वर मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जूनपासून दहावीचे वर्ग ज्यांना नवा फळा येतो त्यांनाच. दहावीचा वर्ग काढून घेतलेली अरुंधती कशी असेल, हे तिला स्वतःला डोळ्यांसमोर आणवेना.

शुक्रवारी बाकीचे गेल्यावर ती थांबली.

"सर, एक सांगायचंय. कोणाला सांगणार नाही ना?"

"एवढं गुपित असेल तर खिडक्या लावू का?"

"थट्टा नको हो..." तिने दार लोटून घेतलं. "ते प्रमाणपत्र माझं नाही. बहिणीने काढलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

तो हसेल, नाहीतर उपदेश करेल, असं तिला वाटलं होतं. पण घरत सरांचा चेहराच उतरला. तो काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही.

"शिकवाल मला? अगदी पहिल्यापासून?"

"शिकवेन," तो सावकाश म्हणाला. "एका अटीवर. मला परत कंपनीचा माणूस म्हणायचं नाही."

"आणि तुम्ही तो रुमाल धुवायचा!"

"तो? तो मी धुणार नाही." आणि पुन्हा ती खळी.

मंगळवार, शुक्रवार. सगळ्या स्टाफची तारांबळ बघण्यासारखी होती. कोणाला पासवर्ड आठवत नव्हता, ज्यांना आठवत होता त्या सगळ्यांचा एकच होता. इतिहासाच्या काशीराम सरांचा ओटीपी सुनेच्या मोबाईलवर यायचा आणि सून कळंबोलीला ऑफिसात असायची. तिचा फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. "अहो, एवढ्या वेळात मी पानिपत शिकवून संपवतो," असं सर म्हणायचे. सगळे हसायचे, पण घाम सगळ्यांनाच फुटायचा. वर्गातली मुलं आपल्या पुढे आहेत आणि त्यांना ते माहीत आहे, हे कोणत्याही शिक्षकाला सोपं जात नाही.

सगळे गेले की दोघांचा तास सुरू व्हायचा.

"बोटाने लिहा."

"काचेवर माझं अक्षर यायचं नाही."

"लिहून तर बघा."

तिने 'अ' काढला. तो वाकडातिकडा, थरथरता उमटला.

"बघा! पहिलीतल्या पोराचा वाटतोय."

"तुम्ही काचेला घाबरून लिहिताय. खडू धरताना घाबरता का?"

"खडू पुसता येतो."

"हेही पुसता येतं. तळहाताने. पण मी असतो तर सेव्ह केलं असतं."

"मराठीचे शिक्षक सेव्ह करत नाहीत, सर. रोज पुसतात आणि रोज नवं लिहितात."

"म्हणून तर एवढं सुंदर अक्षर रोज वाया जातं..." तो म्हणाला, आणि दोघंही काहीतरी कामाचं शोधायला लागली.

कधी तिने अवघड काही विचारलं की तो एकदम घड्याळ बघायचा. "हे आपण पुढच्या वेळी बघू." आणि पुढच्या वेळी अगदी पद्धतशीर समजावायचा. काय शिस्तीचा माणूस आहे, असं तिला वाटायचं.

एकदा त्याने शर्टाच्या कॉलरला लावायचा बारका माईक आणला. आपण बोलायचं, फळा लिहिणार. अरुंधती खुर्चीवरून उठलीच.

"नाही! त्या माईकला मी हात लावणार नाही. तुम्हाला माहीत नाही, माझा एक..."

"व्हिडिओ. बघितलाय मी."

ती जागच्या जागी थिजली. म्हणजे यांनीही! कानशिलं तापली तिची.

"दोनदा बघितला," तो खाली बघत म्हणाला. "दुसऱ्यांदा ती धून बंद करून. आवाज नव्हता, तरी कविता कळत होती, मॅडम."

इतकी वर्षं ज्याची लाज वाटत होती, त्यात कोणीतरी आपल्याला खरोखर बघितलं होतं. त्या दिवशी घरी जाताना ती वडाळे तळ्याला एक जास्तीचा फेरा मारून गेली. समीक्षाने विचारलं, "ताई, गाल का लाल?" तर म्हणाली, "चालून आले."

जानेवारीत त्याने सगळ्या स्टाफला आपट्याला, जाळात माठ भाजून करतात त्या पोपटीला बोलावलं. पाताळगंगेच्या काठी शेतात जाळ केला होता, माठ उपडे घातले होते, वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला होता. बाकीच्यांच्या माठात कोंबडी, अंडी. शाकाहारी अरुंधतीसाठी वेगळं छोटं मडकं, आणि त्यावर खडूने किरट्या अक्षरात लिहिलेलं 'मॅडम'.

"खा गो बाय," त्याची आई, भामाबाई, तिच्या पुढ्यात शेंगा ओतत म्हणाली. "ह्यो मडका माज्या गुरूनं सोताच्या हातानं भरलाय. तुमची शाला लागल्यापासून ह्याला रातचा झोप नाय. मोबाईलमंदी डोका घालून बसतंय. मी बोलतंय, अरं, तुला सगला येतंय म्हनून तर तुला मास्तरांचा मास्तर केलाय, मंग आता काय शिकतंस?"

"आई, शेंगा करपतायत!" घरत सर एवढ्या जोरात ओरडले की काशीराम सरांच्या हातातलं अंडं पडलं.

बघा, पोराला किती तळमळ, असं अरुंधतीला वाटलं. प्रेमात माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

फेब्रुवारी आला. नवं विमानतळ सुरू झाल्यापासून शाळेवरून विमानं जायची, आणि ती जात असताना शिक्षकांनी वाक्य मध्येच थांबवायचं, अशी सवय सगळ्यांना लागली होती. पाठाच्या दिवशी तालुक्यातून शिक्षक आले, विस्तार अधिकारी विनिता मॅडम आल्या. हॉलमध्ये बाकं सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून हॉलमधल्या फळ्यावर जे उमटेल ते शेजारच्या दहावी अ च्या फळ्यावरही दिसेल, अशी जोडणी घरत सरांनी करून ठेवली होती. पाहुणे सध्या सगळेच दहावी अ मध्ये चहा आणि वडे घेत होते. हॉलमध्ये दोघंच.

त्याने कॉलरला माईक लावून बघितला, मग एक बटण दाबलं. फळा काळा झाला.

"पाठ सुरू होईपर्यंत बंदच बरा," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मॅडम, पाठाआधी एक सांगायचंय. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं होईल."

"असं काय..."

"माझं प्रमाणपत्र माझं नाही. माझ्या भाच्याने काढलंय, मितेशने. क्रिकेट बघता बघता."

अरुंधतीला वाटलं तो गंमत करतोय. पण खळी कुठे दिसत नव्हती.

"मग तुम्ही मार्गदर्शक कसे?"

"पैकीच्या पैकी गुण! नाही म्हणायचं तर प्रमाणपत्र खोटं म्हणावं लागलं असतं. त्या दिवशी टेबलाखाली मी वायर जोडत नव्हतो, हा सुरू कुठून होतो तेच शोधत होतो. तुम्ही जे जे विचारायचात ते मी घरी जाऊन शिकायचो आणि येऊन शिकवायचो."

"आणि ते 'पुढच्या वेळी बघू'..."

"ते तेवढ्यासाठीच."

हसावं की रागवावं! आंधळ्याने आंधळीला हाताला धरून नेलं होतं, आणि तिला वाटत होतं मोठा डोळस भेटला.

"आणि आणखी एक, मॅडम..."

डोक्यावरून विमान आलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. त्याचे ओठ हलत होते, तिला अक्षरही ऐकू येत नव्हतं. विमान जाईतो दारात मोठ्या बाई उभ्या. चेहरा पांढराफटक.

"घरत सर," त्या म्हणाल्या. "तो माईक... बंद करा आधी. आणि दोघं इकडे या."

दहावी अ मध्ये सगळे एकाच दिशेला बघत होते. कोणाच्या हातात कप, कोणाच्या तोंडात अर्धा वडा. आणि समोर फळ्यावर, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, घरत सर जे जे बोलले ते सगळं. त्या बटणाने फक्त हॉलमधला फळा काळा झाला होता. माईक चालू होता, लिहिणं चालू होतं, इकडचा फळा चालू होता. मितेश, क्रिकेट, टेबल, सगळं. आणि खाली शेवटची ओळ, जी अरुंधतीने ऐकलीच नव्हती.

"मॅडम तुम्ही मला फार आवडता हे मात्र मी स्वतःच शिकलो"

साठ माणसांच्या देखत आपल्याला कोणी असं सांगेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण फळ्यावर नाव नव्हतं, नुसतंच 'मॅडम' होतं. आणि त्या वर्गात मॅडमच मॅडम! सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. निवृत्तीला आलेल्या भूगोलाच्या शांती मॅडमनी उगाच पदर सारखा केला.

"घरत सर, हे खरं आहे?" विनिता मॅडमनी विचारलं.

"हो."

"यातलं कुठलं?"

"सगळंच."

"मग मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आजच काढावं लागेल. प्रमाणपत्राची चौकशी वेगळी." त्या थांबल्या. "आणि या मॅडम कोण?"

त्याने अरुंधतीकडे चुकूनही बघितलं नाही. "ते मी सांगणार नाही."

झाकली मूठ होती. अरुंधतीने फक्त गप्प बसायचं होतं. पाठ तिला आता चांगला येत होता. तो झाला असता, टाळ्या पडल्या असत्या, दहावी तिच्याकडे राहिली असती. आणि हा माणूस एकटा मान खाली घालून आपट्याच्या एसटीत बसला असता.

"मॅडम," ती म्हणाली. विनिता मॅडमसमोर येऊन ती पुन्हा म्हणाली, "मॅडम, माझंही प्रमाणपत्र माझं नाही. बहिणीने काढलंय."

मोठ्या बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "अरुंधती!"

"मला जे येतं ते या सरांनी शिकवलंय. प्रमाणपत्राने नाही."

कोपऱ्यातून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला आणि काशीराम सर उठले. "आता लपवून काय करायचं? माझं सुनेने काढलंय." मग कळंबोलीच्या एक मॅडम उठल्या, त्यांचं मुलीने. खारघरचे एक सर, त्यांचं सायबर कॅफेवाल्याने. एकेक हात वर होत गेला. विनिता मॅडमचा आ वासलेला तसाच राहिला. आणि सगळ्यात शेवटी मोठ्या बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझं... मुलाने. पुण्याहून."

विनिता मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी समोरचं दृश्य तेच.

"चौकशीचं माझं मी बघते," त्या म्हणाल्या. "आज पाठ आहे ना? घ्या तो. खरंच येतोय का ते तरी कळू दे."

अरुंधतीने घरत सरांच्या कॉलरचा माईक स्वतःच्या हाताने काढला आणि आपल्या साडीला लावला. दोघांचे श्वास एकमेकांना लागले... पण वेळ ती नव्हती.

"आज वर्गात तुम्हीच," ती समोरच्या शिक्षकांना म्हणाली. "काशीराम सर, फळ्यापाशी या. हा सुरू कुठून होतो, तिथपासून करू."

असा पाठ तालुक्याने बघितला नव्हता. मुलांसमोर विचारायची लाज वाटायची ते सगळे प्रश्न आज मास्तरांनी विचारले. मध्येच फळा अडकला. मागून घरत सर पुढे यायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा सर, मला येतं." आणि तिला आलं. शेवटी काशीराम सरांनी बोटाने पानिपतचा नकाशा काढला, तो पानिपतापेक्षा पनवेलसारखा दिसत होता, तरी टाळ्यांनी वर्ग दणाणला.

"प्रशिक्षण सगळ्यांनी पुन्हा करायचं," विनिता मॅडम उठता उठता म्हणाल्या. "व्हिडिओचा आवाज चालू ठेवून. आणि मोठ्या बाई, दहावी या मॅडमकडून काढू नका." मग त्या दारात वळल्या. "अरे हो! माझ्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंच."

अरुंधती काही बोलणार, तोच डोक्यावर विमान आलं. आता कोणी काही बोलून उपयोग नव्हता. तिने पडद्यावर बोट फिरवून घरत सरांची ती ओळ परत वर आणली. आणि तिच्याखाली, काचेला जराही न घाबरता, वळणदार, ठसठशीत अक्षरांत तिने लिहिलं,

"त्या मॅडम मी. मलाही."

विमान गेलं तरी सगळे ती ओळ वाचत होते. नव्याने शिकलेले काशीराम सर तेवढे उत्साहाने तळहात उचलून पुढे आले. "पुसू का?"

"नको!" अख्खा वर्ग ओरडला.

"पुसवणार नाही हो..." मागून घरत सर म्हणाले.

"मग सेव्ह करा," अरुंधती म्हणाली.

तो पुढे आला. पडद्यासमोर उभा राहिला. बोट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवलं, पण आठवड्यातून दोनदा जे शिकवलं ते आज त्यालाच सापडेना.

"कुठे असतं ते बटण?" त्याने हळूच विचारलं.

तिने साठ जणांसमोर त्याचं बोट धरलं आणि नेमक्या जागी टेकवलं.